लेकरांची यादी आणि त्रेसष्ट दाणे

 

आज आम्ही बोलणार आहोत लेकरांच्या यादीबद्दल. दसरा झाला की घाटावर सोयाबीनची सोंगणी उरकत येते, मळणीयंत्राची धूळ अंगणात येते, घाटाखाली कापसाची पहिली वेचणी सुरू होते. आणि नेमकं त्याच वेळी घराघरांत लेकरांची यादी तयार होते. कोणाची वहीच्या मागच्या पानावर लिहिलेली असते, कोणाची तोंडपाठ असते. "आई, मले गिअरची सायकल पायजे." "मले टचचा मोबाईल." "मले ते लाईट लागणारे बूट." "फटाके तर पायजेतच." ज्यांच्या घरी दिवाळी नाही, त्यांच्याकडे हीच यादी १४ एप्रिलच्या जयंतीला निघते, ईदला निघते, नाताळाला निघते. सण बदलतो, यादी तीच.

आमच्या गटाच्या बैठकीत हा विषय निघाला तेव्हा एकजण म्हणाली, "कर्जाचा हप्ता मागायला येणाऱ्या साहेबाले मी उत्तर देते, पण पोराले काय उत्तर देऊ तेच समजत नाही." त्या दिवशी कर्जवाटपाचा विषय बाजूला राहिला आणि आम्ही दोन तास यावरच बोललो. त्यानंतर वर्षभर आम्ही आपापल्या घरी काही गोष्टी करून पाहिल्या. त्यातलं जे कामाला आलं, ते आज तुम्हाला सांगतो.

पहिली गोष्ट म्हणजे, मागणारं लेकरू वाईट नसतं. आपल्या लहानपणी मागायला होतं काय? जत्रेतली शिट्टी, रेवड्या, रिबीन, बांगड्या. आपल्याला दिसत होतं तेवढंच आपण मागत होतो. आताच्या लेकराला मोबाईलवर दिवसाला शंभर वस्तू दिसतात. वर्गात कोणाचे वडील पुण्याला कंपनीत आहेत, कोणाचा मामा सुरतला आहे, ते सणाला येताना काही ना काही घेऊन येतात. लेकरू ते पाहतं आणि घरी येऊन मागतं. त्याला आपल्या घरातला पैसा कुठून येतो आणि कुठे जातो, हे कोणी सांगितलेलंच नसतं. उलट त्याला दिसतं काय? बाजार समितीतून बाबा नोटा घेऊन आले. आईच्या खात्यावर लाडक्या बहिणीचे १,५०० रुपये आले. मग ते म्हणतं, "पैसे तर आहेत ना, मंग काहून नाही म्हणता?" त्याचा प्रश्न बरोबरच आहे. उत्तर आपण देत नाही. आपण एक तर ओरडतो, नाही तर "पाहू, पाहू" म्हणतो. "पाहू" म्हटलं की लेकराला वाटतं, मिळणार.

म्हणून आम्ही ठरवलं की आधी हिशोब लेकरांसमोर मांडायचा. तोंडी नाही, डोळ्यांनी दिसेल असा. याला आम्ही सोयाबीनचे दाणे वापरले. एक दाणा म्हणजे एक हजार रुपये. आता तुम्हाला एका घराचं उदाहरण सांगतो. आकडे समजावण्यापुरते आहेत, तुम्ही तुमच्या घरचे घाला.

समजा तीन एकर सोयाबीन आहे आणि पंधरा क्विंटल माल झाला. केंद्र सरकारने २०२५-२६ च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये जाहीर केला. पण सण तोंडावर, देणेकरी दारात, मालात ओल, अशा वेळी व्यापाऱ्याला माल घालावा लागला तर हातात त्याहून कमी पडतं, हे आपल्याला माहीत आहे. आपण ४,२०० धरू. पंधरा क्विंटलचे झाले ६३,००० रुपये. पाटावर मोजून त्रेसष्ट दाणे ठेवायचे. लेकरांचे डोळे चमकतात. बापरे, एवढे पैसे!

आता दाणे उचलायला लेकरालाच सांगायचं. सोंगणीची मजुरी एकरी ३,५०० धरली तर १०,५००. मळणीयंत्रवाल्याचे क्विंटलमागे ३०० धरले तर ४,५००. दोन्ही मिळून १५,०००. उचल पंधरा दाणे. राहिले अठ्ठेचाळीस. बियाणं, खत, फवारणीची कृषी केंद्राची उधारी १८,०००. उचल अठरा. राहिले तीस. आता हरभरा पेरायचा आहे, त्याचं बियाणं, खत, ट्रॅक्टर मिळून ९,०००. राहिले एकवीस. गटाचा आणि बँकेचा हप्ता ४,०००. राहिले सतरा. शाळेचं, दवाखान्याचं देणं ३,०००. राहिले चौदा. आणि हरभरा घरात येईपर्यंत तेल, मीठ, दळण, गॅस, लाईट बिल यासाठी ९,००० बाजूला. पाटावर किती राहिले? पाच.

त्रेसष्टातले पाच. त्या पाच हजारांत दिवाळीचा किराणा आणि फराळ २,०००. दोन लेकरांचे कपडे १,८००. उरले १,२००. आणि लेकराची यादी किती? मोबाईल १२,०००, सायकल ८,०००, बूट १,५००, फटाके १,०००. बेरीज केली तर २२,५००.

आमच्या एका ताईच्या घरी सातवीतल्या पोरानं हे दाणे उचलले. उचलता उचलता तो मध्येच थांबला आणि म्हणाला, "आई, हरभऱ्याचे दाणे नको उचलू, नाही तर पुढच्या साली पाटावर काहीच राहणार नाही." हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. त्यानं स्वतः पाहिलं. त्याची यादी संपली असं नाही. पण त्या दिवशी त्यानं स्वतःहून मोबाईलवर रेघ मारली आणि बुटावर बोट ठेवलं, कारण त्याचा शाळेचा बूट खरोखरच फाटलेला होता.

इथे एक गोष्ट फार जपून करायची आहे, मैत्रिणींनो. हिशोब सांगायचा, भीती घालायची नाही. आपला जिल्हा कोणता आहे, आपल्याकडे कर्जापायी किती घरांत काय झालं, हे लेकरं ऐकून असतात. आपण कितीही कुजबुजलो तरी त्यांना कळतं. म्हणून "तुमच्यापायी आमच्यावर कर्ज झालं", "तुझ्या बापाचा जीव घेशील का", असलं वाक्य रागातसुद्धा तोंडातून जाऊ द्यायचं नाही. लेकरू ते मनात धरून बसतं आणि रात्री झोपत नाही. हिशोब सांगताना आवाज साधा ठेवायचा, पेरणीचं नियोजन सांगतो तसा. आणि शेवटी हे आवर्जून सांगायचं की देणी फेडायची सोय झाली आहे, घर चालणार आहे, काळजी मोठ्यांनी करायची आहे. तुझं काम एवढंच की उरलेल्या पैशांत काय घ्यायचं ते आमच्यासोबत बसून ठरव.

आपण बचतगटातल्या बाया. आपल्याला पंचसूत्री माहीत आहे. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, हिशोब लिहिणं. आम्ही म्हटलं, गटाला चालते ती पंचसूत्री घराला काहून नाही चालणार? म्हणून महिन्यातून एकदा घरातली बैठक घ्यायची. जेवणं झाल्यावर, टीव्ही बंद करून, अर्धा तास. घरधन्याला पण बसवायचं. हे महत्त्वाचं आहे, कारण आईनं नाही म्हटलेली वस्तू बाबांनी गुपचूप आणली की सगळा हिशोब मोडतो, आणि आई मात्र वाईट ठरते. आजी-आजोबांना पण बसवायचं. मामाला फोन करून आधीच सांगायचं की बाबा, ओवाळणीत मोठी वस्तू घेऊ नको, द्यायचंच असेल तर लेकीच्या खात्यात टाक.

बैठकीत यादीचे तीन भाग करायचे. एक गरज, एक हौस, आणि एक देखादेखी. कोणती वस्तू कोणत्या भागात बसते ते लेकरानंच सांगायचं, आणि का तेही सांगायचं. "का" विचारल्यावर फार गोष्टी बाहेर येतात. एका पोरीनं सायकल मागितली होती. आईला वाटलं हौस आहे. विचारल्यावर कळलं की शाळेच्या वाटेवर पोरं छेड काढतात म्हणून तिला पायी जायची भीती वाटते. ती हौस नव्हती, ती गरज होती, आणि सायकलच्या आधी त्या वाटेचा बंदोबस्त करायची गरज होती. आमच्या गटातल्या चारजणी मिळून शाळेत जाऊन बोलल्या. दुसऱ्या एका पोराला मोबाईल पाहिजे होता, कारण मास्तर अभ्यास व्हॉट्सॲपवर टाकतात आणि घरचा फोन बाबा वावरात घेऊन जातात. त्यावर उपाय निघाला: संध्याकाळी सात ते आठ घरचा फोन त्याचा. बारा हजार वाचले.

सायकलीचं निघालं म्हणून सांगतो. मानव विकास कार्यक्रमात असलेल्या तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी सरकारी मदत मिळते. आपला तालुका, आपली शाळा त्यात आहे का, हे मुख्याध्यापकांना विचारा. दूरच्या गावात शिकायला जाणाऱ्या मुलींसाठी एसटीचा मोफत पास आहे, अहिल्याबाई होळकर यांच्या नावाची ती योजना आहे. विचारल्याशिवाय या गोष्टी घरापर्यंत येत नाहीत. विकत घेण्याआधी विचारायची सवय लावून घ्या.

आता हप्त्यावर मोबाईल घेण्याबद्दल. सणाच्या दिवसांत दुकानावर पाटी लागते, शून्य टक्के व्याज, आधार कार्ड आणा, मोबाईल घेऊन जा. आमच्या शेजारच्या एका घरी असाच मोबाईल आला. पहिले दोन हप्ते गेले. तिसऱ्या महिन्यात पावसानं कापूस भिजला, माल विकला गेला नाही, खात्यात पैसे नव्हते, हप्ता परत गेला. परत गेल्याचा दंड कंपनीनं लावला, वेगळा दंड बँकेनं कापला. त्या माउलीच्या खात्यावर योजनेचे पैसे आले की त्यातून आधी ते वळते होऊ लागले. शेवटी बकरी विकून तो मोबाईल मोकळा केला. शून्य टक्के म्हटलं तरी आधी हे प्रश्न विचारा: फाईलचे किती, विम्याचे किती, हप्ता चुकला तर दंड किती, आणि रोख घेतला तर हीच वस्तू कितीला देता? चार उत्तरं कागदावर लिहून मागा. कागद द्यायला दुकानदार तयार नसेल तर पाय मागे घ्या. शेतीचा पैसा वर्षातून दोनदा येतो आणि हप्ता वर्षातून बारा वेळा येतो. हे गणित आधी पाहा.

काहीजणी म्हणतील, मग गटातून कर्ज उचलू. गटाचं अंतर्गत कर्ज पुष्कळ ठिकाणी महिना दोन टक्क्यांनी असतं. म्हणजे ५,००० उचलले तर पहिल्याच महिन्याला १०० रुपये व्याज. बाहेरच्या सावकारापेक्षा बरं, आणि व्याज आपल्याच गटात राहतं, हे खरं. पण ते पैसे कोणाच्या तरी बाळंतपणाला, कोणाच्या तरी ऑपरेशनला, कोणाच्या तरी शेळीला लागणारे असतात. म्हणून आमच्या गटानं ठराव केला: सणाच्या वस्तूंसाठी कर्ज नाही. त्याऐवजी सणाची वेगळी पेटी. गुढीपाडव्यापासून दिवाळीपर्यंत साधारण तीस आठवडे येतात. आठवड्याला २५ रुपये टाकले तर ७५० होतात, ५० टाकले तर १,५००. दिवाळीच्या आठ दिवस आधी पेटी फोडून ज्याचे त्याला वाटून द्यायचे. त्याची वही वेगळी, गटाच्या बचतीत ते मिसळायचे नाहीत. ज्यांना दिवाळी नाही, त्यांची पेटी त्यांच्या सणाच्या आधी फुटते.

लेकरांनाही बचत करू द्या. दहा वर्षांवरचं लेकरू पोस्टात स्वतःच्या सहीनं बचत खातं चालवू शकतं, ५०० रुपयांत ते खातं उघडतं. दहा वर्षांच्या आतली मुलगी असेल तर सुकन्या समृद्धी खातं आहे, त्यात वर्षाला किमान २५० रुपये भरले तरी चालतं. भाऊबीजेची, पाडव्याची ओवाळणी त्यात गेली तर ती लेकीच्या शिक्षणाला कामी येते. आमच्या गावात एका पोरीनं दोन दिवाळ्यांची ओवाळणी साठवली, अर्धे आईनं घातले, आणि तिसऱ्या वर्षी जुनी पण चांगली सायकल घेतली. ती सायकल ती रोज पुसते. एका वर्षी नाही म्हटलेलं लेकरू दोन वर्षं थांबू शकतं, फक्त त्याला तारीख सांगावी लागते. "पाहू" नाही सांगायचं. "या साली नाही, पुढच्या दिवाळीला, तू एवढे जमव, आम्ही एवढे घालतो," असं सांगायचं. आणि सांगितलं की पाळायचं.

आता जिची यादीच नसते तिच्याबद्दल. आमच्या घरांत हिशोब मांडताना एक गोष्ट लक्षात आली. पोराची यादी लांब असते आणि पोरीची यादी नसतेच. विचारलं तर म्हणते, "मले काही नको." आपण तिचं कौतुक करतो, किती समजूतदार पोरगी. पण घरात पैसा कमी आहे हे तिला कळतं आणि पोराला कळत नाही, असं कसं? तिनं मागायचं सोडून दिलेलं असतं, कारण मागून मिळत नाही हे तिनं पाहिलेलं असतं. म्हणून आमच्या घरी आता नियम आहे, यादी सगळ्यांनी लिहायची. पोरगी "काही नको" म्हणाली तरी तिच्या हातात कागद द्यायचा. एका आठवीतल्या पोरीनं पहिल्यांदा लिहिलं तेव्हा काय लिहिलं असेल? पॅड, कंपासपेटी आणि न्हाणीघराच्या दाराला आतून कडी. कडीला किती रुपये लागतात, मैत्रिणींनो? पण तिनं ते सांगायला दिवाळीची वाट पाहिली होती.

आणि आपली स्वतःची यादी? साने गुरुजींच्या 'श्यामची आई'मध्ये आनंदाच्या दिवाळीचा प्रसंग आहे. श्यामच्या आईनं भाऊबीजेच्या ओवाळणीचे पैसे स्वतःवर खर्च केले नाहीत, त्यातून श्यामच्या वडिलांसाठी धोतर आणवलं. वाचून आपले डोळे भरून येतात. पण आता आम्ही असं म्हणतो की घरातल्या यादीत एक ओळ आईची पाहिजे. चष्मा असेल, रक्ताची तपासणी असेल, चप्पल असेल. लेकरांनी ती ओळ पाहिली पाहिजे. आईलाही काही लागतं हे ज्यांना कळतं, ती लेकरं मागताना थोडं थांबतात.

आणखी एक खर्च सध्या नवीन आला आहे. काही इंग्रजी शाळा २५ डिसेंबरच्या कार्यक्रमाला सगळ्या लहान लेकरांना सांताचा लाल ड्रेस आणि टोपी घालून पाठवा म्हणतात. नाताळ हा आपल्या ख्रिस्ती शेजाऱ्यांचा मोठा सण आहे, लेकरांनी तो पाहावा, केक खावा, आनंद करावा. पण एका दिवसाच्या ड्रेससाठी मजुरीचे दोन दिवस कशाला जावेत? आमच्या गावातल्या आया एकट्या-एकट्या गेल्या नाहीत, दहाजणी मिळून शाळेत गेल्या आणि म्हणाल्या, घरातला कोणताही लाल कपडा आणि कागदाची टोपी चालू द्या. शाळेनं ऐकलं. लेकरांनी टोप्या वर्गातच बनवल्या. जिल्हा परिषदेच्या शाळांत तर शिक्षण हक्क कायद्यानं शाळा व्यवस्थापन समिती असते, तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. तिथे बसलेल्या बाईनं असल्या खर्चाचा विषय काढावा. एकटीला लाज वाटते, दहाजणींना वाटत नाही.

शेवटी आनंदाबद्दल. खर्च कमी केला म्हणजे सण उदास झाला पाहिजे असं नाही. आमच्याकडे लेकरं आकाशकंदील घरी बनवतात, कामट्या आणि पतंगाचा कागद. फटाक्याचे पैसे गल्लीतल्या चार घरांनी एकत्र केले, एकाच ठिकाणी, मोठ्या माणसासमोर, तासभर. कोणाकडे जास्त आणि कोणाकडे कमी हा प्रश्नच उरला नाही. एसटीत आता बायांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे गटातल्या काहीजणी लेकरांना घेऊन लोणारला सरोवर पाहायला गेल्या, काहीजणी सिंदखेड राजाला जिजाऊंचा वाडा पाहायला. डबा घरून नेला. आपल्याच जिल्ह्यातली ठिकाणं, पण अर्ध्या लेकरांनी पहिल्यांदा पाहिली.

तर मैत्रिणींनो, येत्या बैठकीत आमच्या सांगण्यावरून तीन कामं करा. एक, आपल्या घरचे त्रेसष्ट असोत की तेवीस, तेवढे दाणे मोजा आणि लेकरांना उचलू द्या. दोन, घरातल्या प्रत्येकाकडून यादी लिहून घ्या, पोरीकडून आणि स्वतःकडूनही. तीन, सणाच्या पेटीचा ठराव गटाच्या वहीत लिहा, आठवड्याची रक्कम सगळ्यांना जमेल अशी ठेवा. जिला २५ जमत नाहीत तिचे १० लिहा, पण तिचं नाव वगळू नका.

सोयाबीन विकायला जाताना काटा आणि पावती नीट पाहा, आणि हातात नोटा आल्या की आधी घरी या. नमस्कार.